चार चमचे अशोकारिष्ट

छबूबाईवर आळ आला तो दारूचा. चोरीचा आला असता तर ती भांडली असती, कामचुकारपणाचा आला असता तर तोंडावर हसली असती. पण दारू! चिखलीच्या ज्या घरात कुणी झिंगून दारात उभा राहिला तर सासू आधी त्याच्या अंगावर घागर ओतायची आणि मग नाव विचारायची, त्या घरातली ही बाई चिंचवडच्या कंपनीत भर दुपारी पिऊन मशीनवर आली म्हणे. म्हणणारे कोण, तर मॅनेजर गुरुदत्त घारपुरे साहेब. आणि साहेब म्हणाले की कंपनीतल्या निम्म्या माना आपोआप हलायला लागतात.

गोष्ट ऐंशी सालची. कंपनी नकली चामड्याची. स्कूटरच्या सीटा, बायकांच्या पर्सा, चपलांचे पट्टे, सगळं तिथल्या कापडातून बाहेर पडायचं. गाईला हात न लावता चामडं करायचं तर त्याला एक पाणी लागतं. दिसायला पाणीच, पण वास मासळी सुकत घातल्यासारखा. ड्रमवर नाव डायमिथाइल फॉर्मअमाइड, कामगारांच्या तोंडात नुसतं डायमिथाइल. जे प्लॅस्टिक कशानं म्हणजे कशानं विरघळत नाही ते ह्यात टाकलं की धिरड्याच्या पिठासारखं सैल व्हायचं. ते पीठ लांब पात्यानं कापडावर पसरायचं आणि कापड पाण्याच्या टाकीतून ओढायचं. डायमिथाइलची पाण्याशी भारी मैत्री, ते लगेच प्लॅस्टिक सोडून पाण्यात पळायचं. मागं बारीक बारीक भोकं राहायची, अनारशाला जाळी पडते तशी. तेच नकली चामडं. मग टाकीतलं पाणी मागच्या उंच कॉलमात उकळायचं. पाणी आधी उडून जायचं, डायमिथाइल मागं उरायचं, की पुन्हा ड्रमात. माल महाग, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, असा साहेबांचा दंडक होता.

आता ज्या कापडाला ते पीठ चिकटतं, त्याच्या आधी ते माणसाच्या हाताला चिकटणार, हे सांगायला नको. छबूबाईचं काम पाती आणि रोलर पुसायचं. संध्याकाळी हातांवर असा काही पापुद्रा चढायचा की साबण रडकुंडीला यायचा. म्हणून पीठ पसरायच्या ह्या कोटिंग खात्यात एक रीत पडली होती. दाराशी डायमिथाइलची बादली ठेवलेली असायची. शिफ्ट सुटली की सगळ्यांनी कोपरापर्यंत हात त्यात बुचकळायचे, खळखळ धुवायचे. पापुद्रा असा सुटायचा की हात बाळाच्या हातासारखे! बाकीच्या खात्यांतले लोक जळायचे. आणि बादलीतलं उरलेलं कॉलममध्ये परत, तेही वाया घालवायचं नाही.

ह्याच कोटिंग खात्याची चिखली-कुदळवाडीकडं आणखी एक कीर्ती होती. तिथं कामाला लागलेला गडी दारू सोडतो. खोटं नाही! एकामागून एक सुटले. बायकांनी देवीची ओटी भरली. दोघी-तिघी तर गेटवर येऊन सुपरवायझरच्या मागं लागल्या, "आमच्या धन्याला बी कोटिंगलाच घाला." त्यातल्या बबनरावाचं कौतुक सगळ्यांत मोठं. मशीन चालवणारा हा बहाद्दर पूर्वी पगाराच्या दिवशी घरी यायचा तो बैलगाडीत आडवा. त्यानं सोडली म्हटल्यावर गणेश मंडळानं शाल-नारळ दिला. बबनरावानं भाषण ठोकलं, "मनाचा निश्चय लागतो, मंडळी!" टाळ्या पडल्या. छबूबाईनंही वाजवल्या.

आळ आला तो दिवस असा. त्या वर्षी छबूबाईच्या अंगावरून फार जायला लागलं होतं, चालताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. चिंचवडगावातल्या वैद्यांनी अशोकारिष्ट दिलं : जेवणानंतर चार चमचे, तेवढ्याच पाण्यात. दुपारी डबा खाल्ला, पिशवीतली बाटली काढली, औषध पहिल्यांदाच घेतलं आणि ती रोलर पुसायला गेली. पाती पुसून होतात न होतात तोच तिचं तोंड पेटलं. कान, गळा, छाती, सगळं लालबुंद. काळीज धाडधाड उडायला लागलं. ती रिकाम्या ड्रमला धरून खाली बसली. सुपरवायझर प्रभाकर धावत आला, वाकला, आणि त्याच्या नाकात अशोकारिष्टाचा आंबूस भपकारा गेला.

"छबूबाई, तुम्ही प्यालात?"

"कशाला पिऊ, मुडद्या?" ती म्हणाली. हे एक तिनं बोलायला नको होतं, कारण पुढं ते आरोपात गेलं.

साहेबांनी बाटली ठेवून घेतली आणि लॅबला पाठवली. लॅबमधल्या नीलिमाताईनं तपासून सांगितलं, अशोकारिष्टच आहे, दुसरं काही नाही. त्यावर साहेब हसले. म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. अशोकारिष्टानं कुणाचं तोंड असं होत नाही, माझी बायको वर्षानुवर्षं घेते. म्हणजे बाई बाहेरून पिऊन आल्या आणि वास झाकायला ही बाटली." झालं! वकिलाला लाजवील असा मुद्दा. छबूबाईला घरी बसवलं. चार दिवसांनी चौकशी. पण साहेब मनाचे मोठे, त्यांनी प्रभाकरबरोबर निरोप धाडला : चुकून थोडी घेतली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहून सही करा आणि सोमवारी कामावर या.

घरी ज्योतीराम, तिचा नवरा, चूल पेटवत बसला होता, कारण ती चुलीपाशी गेलीच नव्हती. तो भला माणूस, दुसऱ्या कंपनीत लेथवर, भांडण म्हटलं की आधी चपला शोधणारा.

"करून टाक सही," तो म्हणाला. "कागदच हाय."

"तुमच्या नावाचा असता तर केली असती?"

"गडीमाणसाचं येगळं."

"तेच तर! गड्यानं ढोसून सोडली तर शाल-नारळ, आन् बाईनं न ढोसता माफी. अवो, सही केली की मी प्याले. मग उद्या सुमनला बघायला पाव्हणे आले आन् कुणी म्हटलं, आई कंपनीत झिंगून पडली व्हती, तर तुमी काय सांगाल? कागद व्हता म्हणून?"

ज्योतीराम चुलीत फुंकत राहिला. धुरानं डोळे भरले की कशानं, ते त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ती बबनरावाकडं गेली. चौकशीला कामगाराच्या बाजूनं एक जण बसू शकतो, आणि दारू सोडलेल्या माणसाच्या शब्दाला वजन, असा तिचा हिशेब. बबनराव ओट्यावर दात कोरत होता. तिचं ऐकून त्यानं मान खाली घातली, "मला कशाला मधी घेता, छबूताई" म्हणाला. आतून त्याची बायको गोजाबाई कोथिंबीर निवडत ऐकत होती. तिनं सहज विचारलं, "पर तोंड असं किती लाल झालं व्हतं गं?"

"जास्वंदीवानी. कानसुद्धा. आन् छातीत धडधड."

"मंग ते ह्यांचंच की!" गोजाबाई बाहेरच आली. "कोटिंगला गेल्यापासनं ह्यांनी घोटभर घेतली की हेच. लाल व्हायचे, गुदमरायचे, रातभर मीच वारा घालत बसायची. मरतो की काय म्हणून तर सोडली."

"गोजे!" बबनराव ओरडला.

"ओरडा! निश्चय म्हणे. शाल परत करा ती."

छबूबाईला आधी हसू आलं, मग ते तोंडातच थिजलं. तिनं विचारलं, "आन् बाकीचे? ज्यांनी ज्यांनी सोडली ते?" बबनरावानं दात कोरायची काडी फेकून दिली. अखेर खालच्या आवाजात म्हणाला, "समद्यांचं तसंच. कुणी बोलत न्हाई. पचत न्हाई म्हणायची लाज वाटती बाई. आमाला वाटलं देवीचा कोप."

देवीच्या नावावर काय काय खपतं! छबूबाई तिथून उठली ती थेट नीलिमाताईच्या खोलीवर. ताई बी. एस्सी. झालेली, अजून परमनंट नव्हती, आकुर्डीला दोघी मैत्रिणींबरोबर राहायची. दार उघडलं आणि छबूबाईला बघून ती पांढरीच पडली. पण आत घेतलं, पाणी दिलं.

"ताई, त्या पाण्यात काय हाय ते सांगा. मला समजंल असं."

नीलिमानं आधी दार लोटून घेतलं. मग सांगायला लागली. "ते दोन वायूंपासून करतात. एक अमोनियाच्या भावकीतला, उग्र वासाचा. दुसरा बंद खोलीत शेगडी ठेवली तर माणूस मारतो तो. दोन्ही दाबाखाली एकत्र आले की हे पाणी तयार होतं. वाईट नाही हो ते. स्वेटरच्या नकली लोकरीचा धागा ह्यात विरघळवून काढतात, औषधांच्या कारखान्यात वापरतात. त्याच्यासारखं विरघळवणारं दुसरं नाही. पण तीच त्याची खोट. पाण्यात जातं, तसं तेलकटातही शिरतं. कातडी त्याला अडवत नाही. हात बुचकळलेत की थोडं अंगात गेलं."

"रोज?"

"रोज. मग लिव्हरला ते मोडून बाहेर काढावं लागतं. दारूही लिव्हरच मोडते, पण हे आत असलं की तिचं मोडणं अर्ध्यावर अडतं. ते अर्धवट विष रक्तात तुंबतं. म्हणून तोंड लाल. हात बुचकळणं थांबलं तरी तीन-चार दिवस हे राहतं."

"पर मी दारू कुठं प्याले?"

"अशोकारिष्ट आंबवून करतात, छबूबाई. त्यात थोडी असतेच, आपोआप झालेली. साध्या माणसाला कळतही नाही."

छबूबाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, हे तुमाला ठावं व्हतं?"

नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुस्तकात वाचलं होतं. बादलीबद्दल मी साहेबांना एकदा बोलले, तर म्हणाले, तुम्ही बाटल्या बघा. मी परत बोलले नाही. मला भीती वाटते." छबूबाईला तिचा रागही आला आणि कीवही आली. पोर सुमनपेक्षा फार मोठी नव्हती. "रडू नगा," ती म्हणाली. "इचारलं तर तेवढं खरं सांगा."

चौकशी साहेबांच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. टेबलामागं साहेब, बाजूला प्रभाकर, बाटलीबद्दल सांगायला नीलिमा. छबूबाईच्या बाजूला बबनराव, त्याला गोजाबाईनं ढकललाच होता म्हणा ना. दाराबाहेर सगळं कोटिंग खातं, डबे हातात धरून. माफीचा कागद टेबलावर तयार, त्यावर पेन.

"वाचून दाखवू का?" साहेबांनी गोड आवाजात विचारलं.

"मला वाचता येतं. सही करत न्हाई."

"बाई, नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पर आधी ती बाटली काढा कपाटातनं."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी काढली. छबूबाईनं ती टेबलावर आदळल्यासारखी ठेवली. "तुमीच म्हणता न्हवं, ह्यानं कुणाला काय व्हत न्हाई? मी सकाळपासनं तुमच्या दारात बसलेय, तुमच्या शिपायासमोर. तोंडात पाण्याचा थेंब न्हाई. आता घेते." चमचे मोजून, पाणी घालून, एका दमात घेतलं आणि हातांची घडी घालून उभी राहिली.

साहेबांचा चहा आला. तो गार व्हायच्या आत छबूबाईचे कान तापले, मग गाल, मग गळा. खुर्चीचा आधार घ्यावा लागला, पण ती बसली नाही. प्रभाकर घाबरून उठला. साहेब म्हणाले, "एखाद्याच्या अंगाला लागत नाही औषध. त्यात काय!"

"बबनराव," छबूबाई म्हणाली.

बबनरावानं दाराकडं पाहिलं. तिथं त्याच्या भाषणाला टाळ्या वाजवणारे उभे होते. त्याचा हात बाटलीपर्यंत जायचा आणि मागं यायचा. पाच मिनिटांत तोंड लाल होणार आणि मनाचा निश्चय पातळ होऊन वाहून जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक. छबूबाई नुसतं लाल तोंडानं बघत राहिली. शेवटी त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली, बाटली उचलली आणि घेतलं.

"गड्यानं बायकांचं औषध घेतलं!" दारात कुणीतरी हसलं. हसणं लवकरच थांबलं, कारण बबनरावाचा रंग चढायला लागला. मग दारातला एक जण डबा खाली ठेवून आत आला. त्याच्यामागं दुसरा. "आमालाबी द्या." चमचा फिरला. थोड्या वेळानं साहेबांच्या खोलीत कोटिंग खातं उभं होतं आणि प्रत्येकाचं तोंड रंगपंचमीला न्हाल्यासारखं. कुणी छातीवर हात धरलेला, कुणी भिंतीला टेकलेला. आणि एकजण म्हणत होता, "तुझंबी? भावा, मला वाटलं माझंच."

घारपुरे साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काय नाटक लावलंय!" ते कडाडले. "एकमेकांचं बघून होतंय सगळं. आणा इकडं!" त्यांनी बाटली ओढली, चार चमचे ओतले, पाणी बघितलंच नाही, तसंच घशाखाली घातलं आणि रुमालानं ओठ टिपले. "बघा! बघा माझ्या तोंडाकडं!"

सगळ्यांनी बघितलं. डोळे फाडून बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि साहेबांचं तोंड होतं तसंच, दही लावल्यासारखं गोरं. छबूबाई सावकाश पुढं झाली.

"दिसतंय साहेब. तुमाला काय झालं न्हाई. खरंच औषध हाय मग ते."

साहेबांनी रुमाल खिशात कोंबला. आपण कुणाची बाजू मांडून बसलो हे त्यांना घसा ओला असतानाच कळलं. त्यांनी नीलिमाकडं पाहिलं, जणू लॅबनं आता काहीतरी तपासून त्यांना सोडवावं. नीलिमा उभी राहिली. "सर, बादलीतून जातंय. कातडीतून. मी सांगितलं होतं. ह्यांच्या लिव्हर तपासायला हव्यात."

आत्तापर्यंत लाल तोंड ही लपवायची लाज होती, देवीचा कोप होता, निश्चय होता. आता ते अंगातलं डायमिथाइल झालं. दारातल्या एकानं आपले हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि पँटला पुसले. छबूबाईला वाटलं होतं, खरं ठरलं की छाती भरून येईल. पण ती आपल्या बोटांकडं बघत राहिली. दारू प्याली नाही हे तिनं जगाला दाखवलं, आणि काय पीत होती तेही दिसलं. वर्षानुवर्षं, दोन्ही हातांनी, आनंदानं.

घारपुरे साहेब मात्र मुरलेले. त्यांनी माफीचा कागद टराटरा फाडला, हसले. "हे बघा, छबूबाई, गैरसमज झाला. तुम्ही निर्दोष, मी मानतो. चार दिवसांची हजेरी लावतो. दुपारपासून कामावर या. फक्त ही बाहेर बोलायची गोष्ट नाही, कंपनीचं नाव आहे. अहो, इतकी वर्षं सगळे हात धुतात, कुणी मेलंय का? तुमच्या पोटापाण्याची वस्तू आहे. एवढं काही नसतं त्यात."

प्रभाकरनं सुटकेचा श्वास टाकला. बबनरावही तिच्या कानाशी कुजबुजला, "घ्या, जिकला तुमी." चार दिवसांपूर्वी हेच शब्द मिळाले असते तर ती देवाला नारळ फोडायला धावली असती. नाव स्वच्छ झालं होतं, नोकरी हातात होती. ज्योतीरामला केवढं बरं वाटलं असतं!

"एवढं काय न्हाई म्हणता न्हवं?" छबूबाई म्हणाली. तोंड अजून पेटलेलं, आवाज मात्र अगदी शांत. "मग असं करा. आज सांजच्याला शिफ्ट सुटली की आमच्यासंगं बादलीशी या. कोपरापातूर हात घाला. पंधरा दिवस रोज या, आमी तुमाला मधी जागा देऊ, मानाची. मग ह्याच खोलीत चार चमचे घ्या. तुमचं तोंड आत्तासारखं गोरं ऱ्हायलं, तर तुमी सांगाल त्या कागदावर मी सही करते. दारू प्याले म्हणून करते. चोर हाय म्हणून करते. या साहेब."

घारपुरे साहेबांचे दोन्ही हात टेबलावर होते, कागदाच्या फाटक्या तुकड्यांवर. सगळ्या खात्याच्या डोळ्यांदेखत ते हात हळूच उचलले गेले आणि टेबलाखाली, मांडीवर जाऊन बसले.

"ऱ्हाऊ द्या," छबूबाई म्हणाली, "तिथंच ऱ्हाऊ द्या. आमचे बी आता आमी भाईरच ठेवतो."

दुपारचा भोंगा झाला. पाती पुसायला कुणी गेलं नाही.